तीन पायऱ्यांची विहीर

चोर सापडला नाही म्हणून तुम्ही शिकलेल्यांना धरलंत.

डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेचा पेपर तीनदा फुटला. तिन्ही वेळा तुमच्याच कपाटातून, तुमच्याच कुलपातून, तुमच्याच किल्लीनं फुटला. आणि डोक्याला पट्टी कुणाच्या बांधलीत? सतरा वर्षांच्या पोरांच्या. किल्ल्या ज्यांच्या खिशात होत्या त्यांची डोकी आजही मोकळी आहेत, नीट भांग पाडून, तेल लावून. हे तोंडावर सांगून झालं. आता गोष्ट ऐका. ऐकावीच लागेल, कारण ती तुमच्या टेबलावर आवक क्रमांक घेऊन पडली आहे.

मुखेडच्या बसस्टँडमागच्या गल्लीत 'मठपती मोटर वाइंडिंग' अशी पाटी आहे. पुढच्या खोलीत जळालेल्या मोटरी उघड्या पडलेल्या, तांब्याच्या तारेची वेटोळी, वार्निशचा वास. मागच्या खोलीत एक फळा आणि दोन सतरंज्या. गुंडेराव मठपती बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते तेव्हा बाप गेला आणि कॉलेज सुटलं. फिजिक्स मात्र सुटलं नाही. सकाळी सहा ते नऊ मागच्या खोलीत अकरावी-बारावीची पोरं, नऊनंतर पुढच्या खोलीत मोटरी. असं तीस वर्षं.

"मीटर खोटं बोलत नसतंय," हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. गिऱ्हाईक म्हणायचं, सर, मोटर ठणठणीत हाय, लाईनीतच खोट हाय. सर मीटर लावायचे, काटा दाखवायचे. वाद तिथंच मिटायचा.

निकालाच्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला समीक्षा सोनकांबळे दुकानात आली, तेव्हा ते एका मोटरीत तार भरत होते. समीक्षा ही सविता सोनकांबळेची लेक. सविता गावातली आशाताई, बाळंतिणींच्या दारोदार फिरणारी, आणि पोरगी डॉक्टर व्हायचंच म्हणून हट्टाला पेटलेली. दोन वर्षांत समीक्षानं मागच्या खोलीतली पुढची जागा कुणाला दिली नव्हती.

"किती?" सरांनी मान वर न करता विचारलं.

"सहाशे एक्क्याऐंशी."

सरांच्या हातातली तार सुटली. "आता गं माय! सातशे वीसपैकी सहाशे एक्क्याऐंशी? अगं मग तोंड कामून असं सुतकातलं? पेढे कुठायत? का आईनं वाटेतच वाटून टाकले?"

तिनं मोबाईल पुढे धरला. आकड्याखाली लाल चौकट होती. चौकटीत दोन शब्द: 'पूर्वपरिचय आढळला'. त्याखाली बारीक अक्षरात, उमेदवाराचा निकाल रोखण्यात आला असून पुढील तीन वर्षे परीक्षेस मनाई करण्यात येत आहे. सुनावणी एकदाच. वेळ सात मिनिटे.

"हे काय असतंय?"

"सर, पट्टी," ती म्हणाली. "माझ्या पट्टीत लहर आली."

सर खुर्चीवरून उठले आणि पुन्हा बसले.

माणसाला ओळखीची वस्तू दिसली की साधारण एक तृतीयांश सेकंदात त्याच्या मेंदूत विजेची एक बारीक लहर उठते. 'अरे, हे तर...' असं मनात यायच्या आत ती उठून गेलेली असते. शिंक दाबता येते, ही लहर दाबता येत नाही. हे शोधून पुष्कळ वर्षं झाली. पण पूर्वी तीच वस्तू पुन्हा पुन्हा दाखवून, त्या सगळ्यांची सरासरी काढून ती लहर दिसायची. मग यंत्र सुधारलं. डोक्याभोवती बसणारी पट्टी निघाली, जी घामातही चालते आणि एकाच नजरेत लहर पकडते. तिसरी पेपरफुटी झाली आणि ती पट्टी परीक्षेच्या हॉलमध्ये आली.

युक्ती सोपी होती. एकशेऐंशी प्रश्नांत दहा प्रश्न कोरे पेरायचे. कोरे म्हणजे जगात कुठंही न छापलेले, कुठल्याही वर्गात न शिकवलेले. प्रश्न काढणारा तशी सही करून देतो. बाकीच्या एकशेसत्तर प्रश्नांना लहर उठली तर उठू दे, पोरं अभ्यास करतात म्हटल्यावर उठणारच. पण कोऱ्या दहांतल्या एकालाही उठली, तर त्या पोरानं पेपर आधी पाहिला. संपलं.

कागदावर कसं चोख वाटतं! पण लहर एवढंच सांगते की हे ओळखीचं आहे. कुठून, कधीपासून, कुणामुळे, यातलं एक अक्षर तिच्यात नसतं. चोरून पाहिलेल्या कागदाची लहर आणि घासून सोडवलेल्या गणिताची लहर शेजारी शेजारी ठेवा. ज्यानं यंत्र बनवलं त्यालासुद्धा फरक सांगता येणार नाही.

पहिल्याच वर्षी अकराशे पोरं अडकली. दुसऱ्या वर्षी लोक शहाणे झाले. शहरातल्या क्लासेसनी फलक लावले, 'आमच्या विद्यार्थ्यांना काहीही ओळखीचे वाटत नाही!' जुन्या प्रश्नपत्रिकांचे गठ्ठे रद्दीत गेले. सराव परीक्षा बंद पडल्या. पोरगं गणित सोडवायला बसलं की बाप ओरडायचा, "पुरे कर, लहर येईल!" या देशात बापांनी पोरांना अभ्यासावरून उठवलं. हे तुमच्या राज्यात घडलं, लिहून ठेवा.

मागच्या दिवाळीत सविता सरांकडे आली होती. "सर, तुमच्या वहीतली गणितं तिला देऊ नका. एक सांगितलं तर दहा सोडवायलीय. उद्या काही नडलं तर?"

सर हसले होते. "ताई, तुम्ही लेकरांना लस द्यायला नेता का नाही? लस म्हणजे काय? अंगाला रोगाची आधी ओळख करून द्यायची. शिकवणं बी तेच की. अन् तिनं चोरी केली नाही तर मीटर काय दाखवल? मीटर खोटं बोलत नसतंय."

आता ते हसणं त्यांना आठवलं आणि वार्निशचा वास एकाएकी नाकात चढला.

"कुठल्या प्रश्नाला आली?"

समीक्षानं पुढचं पान उघडलं. प्रश्न क्रमांक चौतीस. एका विहिरीचे तोंड दहा चौरस मीटर आहे. पाण्याची पातळी जमिनीपासून बारा मीटर खाली असून पाणी सहा मीटर खोल आहे. तळाशी बसवलेल्या मोटरीने विहीर पूर्ण रिकामी केली, तर किती कार्य झाले? शेजारी विहिरीची आकृती. आणि विहिरीच्या डाव्या भिंतीला, आत उतरणाऱ्या तीन पायऱ्या.

सरांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत लावला. पायऱ्या तीनच होत्या.

ते मागच्या खोलीत गेले. फडताळातून निळ्या पुठ्ठ्याची वही काढली. अठ्ठावीस वर्षांपूर्वी स्वतःच्या हातानं लिहिलेली, कडा खाल्लेली. गणित एकोणीस. दहा चौरस मीटर, बारा मीटर, सहा मीटर, तळाशी मोटर. डाव्या भिंतीला तीन पायऱ्या. गणिताशी त्या पायऱ्यांचा काडीचा संबंध नव्हता. दर वर्षी एखादं पोरगं विचारायचंच, सर, ह्या पायऱ्या कशाला? आणि सर म्हणायचे, "गणिताला नाहीत बाबा. पण विहीर काढली अन् पायऱ्या नाही काढल्या, तर उतरलेला माणूस वर येणार कसा?"

"हॉलमध्ये मला पायऱ्याच दिसल्या पहिल्यांदा," समीक्षा दारातून म्हणाली. "हसू आलं सर मला. वाटलं, सरच बसलेत पेपरात."

एवढंच तिचं हसू. एक तृतीयांश सेकंदाचं.

दुपारच्या आत सविता आली. अंगावर ड्युटीची साडी तशीच, पिशवीतून लसीकरणाची कार्डं डोकावत होती. तिनं वही पाहिली. मोबाईलवरची आकृती पाहिली. पुन्हा वही पाहिली. मग तिनं जे विचारलं त्यासाठी सर तयार नव्हते.

"सर, खरं सांगा. पेपर तुमच्याकडं आला होता का?"

"आई!" समीक्षा ओरडली.

"तू गप. बाहेर बोलायलेत लोक. वहीतलं गणित जशास तसं पेपरात कसं जाईल? दोनातलं एकच होऊ शकतंय. पेपर इथं आला, नाहीतर..." तिला दुसरं सुचेना. "नाहीतर काय सर? तुम्हीच सांगा."

आजवर या बाईनं त्यांच्याशी बसून बोललेलं कुणी पाहिलं नव्हतं, इतका तिच्या मनात त्यांचा मान होता. आज ती उभी होती तशी उभीच होती, पण मान गेला होता. ते दिसत होतं.

"सर," समीक्षा हळूच म्हणाली, "उत्तर बघितलं का तुम्ही? त्यांचं पहिलं उत्तर?"

परीक्षा झाल्यावर चार दिवसांनी उत्तरांची यादी जाहीर झाली होती. चौतिसाव्या प्रश्नाचं उत्तर होतं, एक कोटी आठ लाख ज्यूल. मग देशभरातून हरकती गेल्या आणि यादी बदलली. नवं उत्तर नव्वद लाख. समीक्षानं परीक्षेत नव्वद लाखच लिहिलं होतं.

सरांचा हात वहीवर गेला. गणित एकोणीसखाली लाल शाईत त्यांच्याच अक्षरात होतं, एक कोटी आठ लाख.

चूक त्यांची होती आणि ती त्यांच्याकडूनच होण्यासारखी होती. पुस्तकातून शिकलेला माणूस म्हणेल, पाणी विहिरीत सहा मीटर उभं आहे, त्याचा मध्य वरून पंधरा मीटरवर, म्हणजे सगळं पाणी सरासरी पंधरा मीटर उचललं. नव्वद लाख. पण ज्यानं दोरखंड बांधून शेकडो मोटरी विहिरीच्या तळाला सोडल्यात, त्याच्या डोळ्यांना तळच दिसतो. मोटर अठरा मीटरवर, तर प्रत्येक थेंब अठरा मीटर चढणार. एक कोटी आठ लाख. अठ्ठावीस वर्षं त्यांनी असंच शिकवलं आणि कुणी हूं की चूं केलं नाही.

दीड वर्षापूर्वी समीक्षानं केलं. "सर, मोटरीच्या डोक्यावर पाणी उभंय की. ते वरून दाबतंय, मोटरीला मदतच करतंय. मग अठरा कसं?"

"तू किती मोटरी सोडल्यास गं विहिरीत?" सर म्हणाले होते. वर्ग खदखदून हसला. दुसऱ्या दिवशी ती दोन पानं रीत लिहून घेऊन आली. "ठेव तिथं," सर म्हणाले. पोरं गेल्यावर त्यांनी ती पानं वाचली. पोरगी बरोबर होती. लख्ख बरोबर. त्यांनी पानांची घडी केली, वहीत ठेवली आणि तिला कधीच काही सांगितलं नाही. लाल शाईतलं उत्तरही बदललं नाही. माणूस पडलेला चालतो; पोरांसमोर पडलेला चालत नाही.

ती दोन पानं अजून वहीत होती. समीक्षानं ती पाहिली.

"ताई, बसा," सर सविताला म्हणाले. "पेपर माझ्याकडं आला नव्हता. माझी वही पेपराकडं गेलीय. गणित कुणाला बी सुचल. पायऱ्या बी कुणाला सुचतील. पण ही चूक दुसऱ्या कुणाची असूच शकत नाही. ही चूक मी शिकवलीय."

त्यांच्या हाताखालून गेलेल्या पोरांत फिजिक्सचा प्रोफेसर एकच झाला होता. व्यंकट उच्चेकर. पुण्यात असतो. दर गुरुपौर्णिमेला फोन करतो. आज सरांनीच त्याला लावला.

"सर! पाया पडतो सर. आज कशी आठवण?"

"व्यंकट, प्रश्न चौतीस."

"सर, मी त्या कामावर आहे की नाही, हे सांगायचीसुद्धा मला बंदी आहे."

"ते मी विचारलंच नाही. मी एवढंच विचारायलोय, विहिरीला पायऱ्या कामून काढल्यास?"

"विहिरीला पायऱ्या असतातच की सर," तो पटकन बोलून गेला. आणि थांबला.

"अन् तीनच कामून?"

मग बोलला तेव्हा पुण्याची भाषा गळून पडली होती. "सर, मला सुचला होता ओ तो. आईशप्पथ. आंघोळ करताना सुचला. मी बायकोला बोललो बी, बघ, किती आपल्या मातीतला प्रश्न सुचलाय."

तो खोटं बोलत नव्हता, हे सरांना कळलं. तेच भयंकर होतं. मेंदूला ही खोड असते. आत आलेला माल तो जपून ठेवतो आणि कुठून आला ते विसरून जातो. वीस वर्षांनी तोच माल फडताळातून निघाला की माणसाला वाटतं, हा मलाच सुचला.

"मग एवढंच सांग त्यांना. पोरगी सुटल."

"मी सही केलीय सर. 'ही माझी स्वतंत्र रचना आहे' अशी. खोटी निघाली तर दहा वर्षं आत. मला दोन मुली आहेत."

"हिला बी आई हाय, व्यंकट. इथंच उभी हाय."

"मला विचार करू द्या," तो म्हणाला आणि फोन बंद झाला.

चार दिवसांनी सुनावणी होती. सुनावणीच्या बोळात भिंतीला टेकून चाळीसेक पोरं बसली होती, प्रत्येकाशेजारी एक आई नाहीतर बाप. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. आतून एकेक जण सात मिनिटांनी बाहेर यायचा आणि सरळ जिन्याकडे चालू लागायचा. एका पोराच्या हातात सराव गणितांनी भरलेल्या अकरा वह्या होत्या. तो त्या छातीशी धरून बसला होता, जामीन आणल्यासारखा.

"एकशे बारा, सोनकांबळे! मोबाईल ट्रेमध्ये ठेवा!" शिपाई ओरडला.

सरांनी मोबाईल काढला आणि तो थरथरला. व्यंकटचा संदेश. फोटो होता. जुन्या वहीचं पिवळं पान, सोळा वर्षांच्या पोराचं गोल गोल अक्षर, विहीर, तीन पायऱ्या, एक कोटी आठ लाख. कोपऱ्यात तारीख. आणि तारखेखाली सरांची लाल सही!

"समीक्षा! अगं बघ! पाठवलं त्यानं!"

तिनं पाहिलं. सवितानं पाहिलं आणि तोंडावर हात ठेवला. समीक्षानं पान टिपून घ्यायला बोट पुढे केलं, आणि बोट पडायच्या आत पान नाहीसं झालं. तिथं एक राखाडी ओळ उरली: हा संदेश पाठवणाऱ्याने काढून टाकला आहे.

शिपायानं सरांच्या हातातून मोबाईल घेतला आणि ट्रेमध्ये टाकला.

आत तिघं बसले होते. मधे अध्यक्ष मॅडम, दोन बाजूंना दोन गृहस्थ, भिंतीवर उलट चालणारं घड्याळ. सरांनी वही टेबलावर ठेवली, समीक्षाची दोन पानं उलगडून वर ठेवली आणि उभ्यानंच बोलले. तीस वर्षांत बोलले नव्हते ते बोलले.

"हे गणित माझं हाय. अन् याचं उत्तर चूक हाय. ही चूक या पोरीनं मला दीड वर्षापूर्वी दाखवली. मी वर्गात तिची टिंगल केली. घरी तपासलं, ती बरोबर निघाली, तरी मी गप बसलो. आज कबूल करायलोय." समीक्षानं त्यांच्याकडे पाहिलं. "आता ऐका. पेपर विकत घेणारा उत्तरासकट घेतो. हिच्याकडं फुटका पेपर असता तर हिनं तुमचं उत्तर लिहिलं असतं. चुकीचं. हिनं लिहिलं बरोबर. का? तर या गणितावरून ही माझ्याशी भांडली होती. म्हणून तर तिला ते एवढं पक्कं आठवलं."

डावीकडच्या गृहस्थांनी पेन खाली ठेवलं. त्यांना पटलं होतं. चेहऱ्यावर दिसलं.

"तर्क चांगला आहे," मॅडम म्हणाल्या. "पण इथं आपण तर्क तपासत नाही. मोजमाप तपासतो. लहर आली की नाही?"

"आली."

"मग?"

"मग पुरतं मोजा! ज्यानं प्रश्न काढला त्याच्या डोक्याला पट्टी बांधा, त्याला माझ्या वहीतली बाकीची गणितं दाखवा. लहर उठली नाही तर मला फासावर द्या."

"प्रश्नकर्त्याचं नाव गुप्त असतं. तुम्हाला ते माहीत आहे असं तुमचं म्हणणं असेल, तर घ्या नाव. पण मग तोच कटाचा पुरावा धरला जाईल. मुलीवरही गुन्हा दाखल होईल."

ओठांवर आलेलं व्यंकटचं नाव सरांनी गिळलं. घड्याळात तीन मिनिटं उरली होती. आणि मग त्यांनी जी चूक केली, ती मीटरवर जन्मभर विश्वास टाकलेला माणूसच करू शकतो.

"बरं, त्याला नका लावू. मला लावा! आत्ता लावा. अठ्ठावीस वर्षांची ओळख हाय माझी या विहिरीशी. मीटर सांगल तुम्हाला."

"सर, नको," समीक्षा म्हणाली. तिला कळलं होतं. सरांना कळलं नव्हतं.

मॅडमनी होकारार्थी मान हलवली. तंत्रज्ञानं पट्टी आणली. सरांच्या पांढऱ्या केसांवर ती घट्ट बसवली. पडद्यावर एकामागून एक विहिरी आल्या. गोल विहीर, चौकोनी विहीर, रहाटाची विहीर. हिरवी रेघ शांत पडून होती. मग परीक्षेतली विहीर आली. डाव्या भिंतीला तीन पायऱ्या.

रेघ ताडकन उठली, पडद्याच्या कडेला जाऊन टेकली.

"बघा!" सर ओरडले. डोळ्यांत पाणी आलं होतं त्यांच्या. "बघा, सांगितलं होतं ना! मीटर खोटं बोलत नसतंय!"

मॅडम उजवीकडे वळल्या आणि सावकाश, स्वच्छ आवाजात सांगू लागल्या. "लिहा. उमेदवाराच्या शिक्षकालाही प्रश्नाचा पूर्वपरिचय आढळला. पेपर यांच्यामार्फतच उमेदवारापर्यंत पोचल्याची शक्यता. प्रकरण पोलिसांकडे वर्ग करावे. वही जप्त."

सरांच्या डोक्यावर पट्टी तशीच होती. त्यांनी ती काढली नाही. हात वर गेले आणि मधेच थांबले. मीटर खोटं बोललं नव्हतं. त्यानं विचारलं तेवढंच सांगितलं होतं, आणि कधीपासून, हे त्याला विचारताच येत नव्हतं. खोलीतल्या सगळ्यांना ते ठाऊक होतं. एकट्या मठपतींना नव्हतं.

सवितानं पुढे होऊन त्यांची पट्टी सोडवली. आजारी माणसाची सोडवावी तशी, हलक्या हातानं. "चला सर," ती म्हणाली. चार दिवसांत पहिल्यांदा तिनं त्यांना नीट हाक मारली.

"एक मिनिट उरलंय," डावीकडचे गृहस्थ खाली बघत म्हणाले. त्यांनी समीक्षापुढे कागद सरकवला. तळाशी एक रकाना होता. 'उमेदवाराचे म्हणणे (दोन ओळींत)'.

समीक्षा रडली नाही. दोन वर्षं सरांच्या सतरंजीवर बसून ती एक गोष्ट शिकली होती, की उत्तर पटलं नाही तर रीत लिहून द्यायची. तिनं पेन घेतलं, दोन ओळी लिहिल्या, सही केली आणि आवक शिक्का मारून घेतल्याशिवाय टेबलापासून हलली नाही. शिक्का बसला. दार उघडलं. बोळातली पोरं मान वर करून बघत होती, आणि अकरा वह्यांचा पोरगा उठून उभा राहिला होता, कारण पुढचा नंबर त्याचा होता.

त्या शिक्क्याला आज सत्तर दिवस झाले. प्रवेशाच्या दोन फेऱ्या झाल्या. मठपतींची निळी वही तुमच्या कपाटात आहे, त्याच कपाटात, त्याच किल्लीखाली. मागच्या खोलीचा फळा पुसलेला आहे, आणि समीक्षा रोज सकाळी सहाला येऊन त्या कोऱ्या फळ्यासमोर बसते. तुम्ही उत्तर दिलेलं नाही.

म्हणून तिच्या दोन ओळी इथं जशाच्या तशा दिल्या आहेत.

'ज्यांनी हा प्रश्न काढला आणि ज्यांनी तो कोरा म्हणून पास केला, त्या सगळ्यांच्या डोक्याला हीच पट्टी बांधून त्यांना माझ्या सरांची अख्खी वही दाखवा.

कधी दाखवता? तारीख सांगा.'